दोनशे सत्तर हात लांब बाग

(वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

मागच्या अंकात आमच्या गाईड कंपनीच्या, म्हणजे मुलींच्या स्काऊट पथकाच्या, शोधफेरीबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. मुलींनी जीपीएसचे आकडे आणि होकायंत्र घेऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांमधून डबे शोधायचे आणि डब्यापाशी त्या जागेचा इतिहास वाचायचा, एवढीच ती कल्पना. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं पान त्यांनाच देते. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून चार निवडली आहेत.

प्रश्न : नमस्कार बाई. मी माधौगंजजवळच्या एका शाळेत गाईड कॅप्टन आहे. अकरा ते चौदा वयाच्या २४ मुली आहेत, तीन टोळ्या. जिओकॅशिंगमधून त्यांना ग्वाल्हेरचा इतिहास दाखवावा असं मनात आहे. किल्ल्यावर दहा डबे लपवायचा बेत केला आहे. परवानगी कुणाची घ्यायची? डब्यात काय ठेवायचं? सुरुवात कुठून करू?

बाई, बेत छान आहे, पण किल्ल्यावर एकही डबा लपवू नका. किल्ला, गुजरी महाल, हजिऱ्याकडचा तानसेनचा मकबरा ही सगळी संरक्षित स्मारकं आहेत. तिथे दगड हलवणं, फटीत काही खोचणं, भिंतीला इजा करणं हा १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, डबा शोधायला चोवीस मुली निघाल्या की प्रत्येक सैल दगड उचलून बघतात. हजार वर्षं जागेवर बसलेला दगड आपल्या खेळासाठी हलायला नको.

ज्यांना हा जिओकॅशिंगचा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांना मिळणारा जीपीएसचा संदेश मुद्दाम अंधुक ठेवत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. मेच्या सुरुवातीला तो अडथळा काढला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत वही-पेन्सिल होती, काही किरकोळ वस्तू होत्या आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता. काही दिवसांतच लोकांनी ती शोधून वहीत सह्या केल्या. तिथून हा खेळ जगभर गेला. अमेरिकेतल्या स्काऊटांना २०१०पासून त्यासाठी वेगळा बॅजही मिळतो. आपल्याला त्यात नवं वाटायचं कारण नाही. बाण, फुली आणि मधोमध टिंब असलेलं वर्तुळ या खोजचिन्हांवरून माग काढत जाणं हे आपण मुलींना शिकवतोच. इथे खडूच्या जागी आकडे आले, इतकंच.

आता किल्ल्याचं. डबा नको म्हटलं, किल्ला नको असं म्हटलं नाही. तिथे डब्याशिवायचा मुक्काम ठेवा. मुलींनी जागेवर पोहोचायचं, एक गोष्ट डोळ्यांनी वाचायची आणि त्या उत्तरातून पुढच्या मुक्कामाचे आकडे काढायचे. यासाठी ग्वाल्हेरएवढं नशीबवान शहर मला ठाऊक नाही, कारण इथे आकडेच दगडावर कोरलेले आहेत.

गुजरी महालाकडून किल्ला चढायला लागलं की वाटेत एकाच खडकात खोदलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. पर्यटक वर मानमंदिर गाठायच्या घाईत असतात, निम्म्यांना ते दिसतही नाही. प्रतिहार राजा भोज याच्या काळात, इसवी सन ८७६च्या सुमारास, किल्ल्याचा रक्षक अल्ल याने ते करवलं. तिथल्या संस्कृत लेखात देवाच्या फुलबागेचं दान लिहिलं आहे. बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० हार. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच आहे, लहान आणि वाटोळं. हे जगातलं पहिलं शून्य असं मुलींना सांगू नका. तिथे तसं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण कंबोडियात ६८३ सालच्या लेखात शून्य सापडलं आहे. आपलं शून्य आपलं म्हणूनच मोठं आहे. कुणीतरी माळ्यांच्या कामाचा हिशेब इतका नेटका लिहून ठेवला की साडेअकराशे वर्षांनी बारा वर्षांची मुलगी तो वाचू शकते.

आमच्या फेरीत या मुक्कामाचं कोडं असं होतं : लांबीच्या आकड्यातून हारांचा आकडा वजा करा, येईल ते पुढच्या अक्षांशाचे शेवटचे तीन अंक. २७० वजा ५०, २२०. गणित सोपं आहे, मुद्दामच सोपं ठेवलं. मला बघायचं होतं ते त्यानंतरचं. खाली उतरल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, दोनशे सत्तर हात म्हणजे केवढी बाग?" मग पुढच्या शनिवारी शाळेच्या मैदानावर दोरी घेऊन बसलो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तिचा हात ३८ सेंटिमीटर भरला, माझा ४४. तिच्या हाताने बाग १०२ मीटर आणि थोडी वर, माझ्या हाताने जवळजवळ ११९. सोळा मीटरचा फरक! सगळ्याजणी गप्प झाल्या. आणि एकीने हळूच विचारलं, "मग तेव्हा कुणाचा हात धरला असेल?" इतकी वर्षं भूगोल शिकवला, मापाला प्रमाण का लागतं हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. त्या दोरीने ते एका दुपारी शिकवलं.

खरे डबे ठेवायचे ते खाली, लष्करात. आणि इथेच मी केलेली चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. पहिल्या वर्षी मी एक गोल डबा काळी चिकटपट्टी गुंडाळून बाजाराच्या एका चौकात मीटरच्या पेटीमागे ठेवला होता. कुणाला विचारलं नव्हतं. खेळात डबा लपलेला हवा, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी मुली वाकून काहीतरी शोधताहेत हे एका दुकानदाराने पाहिलं, डबा पाहिला आणि पोलिसांना फोन केला. गल्ली तासभर रिकामी करावी लागली. त्यांचं काहीच चुकलं नाही, बेवारस डब्याबद्दल आपण सगळ्यांना हेच तर शिकवलं आहे. पण रडवेल्या चेहऱ्याच्या सहा मुलींना मी चौकीत बाकावर बसलेलं पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. दोष सर्वस्वी माझा होता आणि तो मी त्यांच्या घरोघरी जाऊन सांगितला.

तेव्हापासून आमचा डबा पारदर्शक असतो, आतलं सगळं बाहेरून दिसेल असा. वर हिंदी आणि मराठीत चिठ्ठी : हा काय आहे, कोणत्या शाळेचा, फोन कुठे करायचा. आणि तो रस्त्यावर कधीच नाही. कुणाच्या ओट्यावर, वाचनालयाच्या कपाटात, पुजारीकाकांनी हो म्हटलं तर देवळाच्या कोनाड्यात. जागेच्या मालकाची लेखी संमती माझ्या फायलीत आणि फेरीच्या तारखेची सूचना पोलीस चौकीत. रेल्वेची जागा, पूल, दवाखाना आणि लष्करी हद्द यांच्या जवळपासही जायचं नाही. डबा पुरायचा नाही. खाऊ ठेवायचा नाही, मुंग्या आणि उंदीर मुलींच्या आधी पोहोचतात. वही आणि पेन्सिल हवी (पेन थंडीत आणि दमटपणात दगा देतं), आणि त्या जागेबद्दल मुलींनीच लिहिलेलं एक कार्ड. जगभरच्या खेळात दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर ठेवतात. तेवढं आपणही पाळावं, नाहीतर एका टोळीला दुसरीचा डबा सापडतो आणि भांडणं होतात.

जागा कोणत्या निवडायच्या? बाई, पाट्या वाचा. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये उज्जैनहून इथे मुक्काम हलवला, फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि तो तळ पुन्हा उठलाच नाही. त्याचंच शहर झालं, म्हणून नाव लष्कर. आपण रोज रिक्षावाल्याला जी नावं सांगतो ती त्या तळाचा नकाशाच आहेत. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ. हुजरात म्हणजे खुद्द सरकारस्वारीची फौज. चिटणीस की गोठ म्हणताना आपल्याला गाईचा गोठा आठवतो, पण 'शत्रूच्या गोटात' मधला गोट तिथे आहे, चिटणिसांच्या मंडळींचा तळ. शिंदे की छावनी उघडच आहे. दानाओली म्हणजे दाण्याच्या दुकानांची ओळ. आणि दौलतगंज, जनकगंज, जीवाजीगंज या तीन गंजांमध्ये तीन शिंदे राजे उभे आहेत. आमच्या कंपनीतल्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलीसुद्धा या नावांमधली मराठी ऐकू शकत नाहीत, कारण नावांना हिंदीचं 'की' लागलेलं आहे. ते त्यांना ऐकू येणं, मला वाटतं, हा सगळ्यात मोठा खजिना आहे.

म्हणून एक आग्रह. डबे तुम्ही लपवू नका, मुलींना लपवू द्या. प्रत्येक टोळीने दोन जागा निवडायच्या, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, ऐकलेलं पुस्तकाशी ताडून पाहायचं, सहा ओळींचं कार्ड लिहायचं आणि मग तो डबा दुसऱ्या टोळीने शोधायचा. शोधणारी मुलगी पाच मिनिटांत कार्ड वाचून पळते. लपवणारी मुलगी तीन आठवडे त्या गल्लीत जात-येत राहते, आणि गल्ली तिची होते. या कामाला दहा डबे फार होतात. तीन टोळ्या, सहा डबे, किल्ल्यावरचा एक मुक्काम आणि फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी शेवट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच आपला हंगाम, त्यातही जानेवारीत दहाच्या आधी धुक्यात काही दिसत नाही.

प्रश्न : मुलाचा मोबाईल सुटावा म्हणून आम्ही त्याला स्काऊटमध्ये घातलं. आता तिथेच मोबाईल हातात देणार असाल तर उपयोग काय? शिवाय मुलं गल्लीबोळांत एकटी फिरणार का? (एक आई, मुरार)

ताई, तुमचा राग समजतो. आमच्याकडे एका टोळीला एकच फोन असतो, तो टोळीनायिकेच्या पिशवीत, विमानातल्यासारखा इंटरनेट बंद करून. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, उपग्रहाचा संदेश तसाच मिळतो. मुक्कामापर्यंत कागदी नकाशा आणि होकायंत्र, आणि जागा जवळ आली असं टोळीचं एकमत झालं की मगच फोन बाहेर. जी टोळी कमी वेळा फोन उघडते तिला जास्त गुण. पहिल्या फेरीत मुलं कुरकुरतात. तिसऱ्या फेरीत फोन न उघडता पोहोचल्याचं घरी येऊन सांगतात.

एकटं कुणीही नाही. टोळी एकत्रच चालते, प्रत्येकीला जोडीदार, गळ्यात शिट्टी, फेरीच्या दोन्ही टोकांना एक-एक मोठं माणूस आणि पाचच्या आत सगळे परत. फोटो त्याच दिवशी कुठेही टाकायचे नाहीत आणि डब्यातल्या वहीत पूर्ण नाव लिहायचं नाही, फक्त टोळीचं. तुमच्या शाळेतल्या स्काऊट मास्तरांना यातलं प्रत्येक विचारा. उत्तरं मिळाली नाहीत तर मुलाला पाठवू नका.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे आणि चित्ता टोळीचा नायक आहे. सरांनी दिलेले आकडे मी फोनमध्ये घातले तर जागा शहराच्या बाहेर कुठेतरी शेतात दाखवली. दुसऱ्यांदा बरोबर गल्ली आली, पण निळं टिंब सारखं उड्या मारत होतं. आम्ही हरलो. माझा फोन खराब आहे का?

फोन चांगला आहे, बाळा. तुझ्या पत्रात तू सरांचे आकडे उतरवून पाठवलेस ते बरं केलंस, त्यामुळे चूक लगेच सापडली. सरांनी २६ अंश १२.५ मिनिटं असं दिलं होतं. तू फोनमध्ये २६.१२५ असं घातलंस. अंशाची साठ मिनिटं होतात, शंभर नाही. १२.५ला ६०ने भाग, ०.२०८३ येतं. म्हणजे घालायला हवं होतं २६.२०८३. दोन्हींमधला फरक अंशाच्या बाराव्या भागाएवढा, आणि उत्तर-दक्षिण एक अंश साधारण १११ किलोमीटर. करून बघ : सव्वानऊ किलोमीटर दक्षिणेला गेलास तू. घड्याळात साडेबाराला १२.५० म्हणत नाहीत ना, तसंच.

टिंबाचं कारण वेगळं. उपग्रहाचा संदेश सरळ रेषेत आला तर फोनला अंतर बरोबर कळतं. अरुंद गल्लीत तो आधी समोरच्या तीन मजली भिंतीवर आपटतो आणि मग तुझ्याकडे येतो. वाट लांबली, म्हणून फोनला वाटतं तू लांब आहेस. मोकळ्या मैदानावर चार-पाच मीटरची चूक होते, सराफ्यासारख्या गल्लीत त्याच्या कितीतरी पट. उपाय : चालत राहू नकोस. आभाळ जास्त दिसेल अशा जागी दोन मिनिटं उभा राहा आणि टिंब स्थिर होऊ दे. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे ग्वाल्हेरात उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.६६ मीटर (रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून कमी), तेव्हा शेवटच्या अंकासाठी जीव काढू नकोस. दहा मीटरवर आलास की फोन पिशवीत. सरांच्या सूचनेत 'हत्तीचं तोंड' असा शब्द आहे असं तू लिहितोस. दरवाजांच्या वर बघ, सज्ज्याच्या खाली बघ. जुन्या वाड्यांत लाकडी कंसाला हत्तीचं तोंड कोरलेलं असतं. बाकीचं तुझं तू शोध.

प्रश्न : मी ८१ वर्षांचा आहे. चिटणीस की गोठमध्ये आमचं जुनं घर आहे. खांब सागवानी आहेत, ओटा आहे, एका पेटीत मोडीतले कागद आहेत, ते आता घरात कुणालाच वाचता येत नाहीत. मुलं पुण्याला, नातवंडं त्याहून लांब. तुमच्या मुली येणार असतील तर डबा आमच्या ओट्यावर ठेवायला माझी हरकत नाही. मात्र आमच्या घरात इतिहास घडलेला नाही, त्यांना सांगू काय?

नाना, तुमचं पत्र मी कंपनीत वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर पहिल्या टोळीने हात वर केला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

इतिहास घडलेला नाही असं म्हणू नका. मुली तुम्हाला लढाया विचारणार नाहीत. पाणी कुठून यायचं? ओट्यावर दुपारी कोण बसायचं? नळ आला तेव्हा तुम्ही केवढे होता? घरात पहिला विजेचा दिवा कोणत्या खोलीत लागला? गणपतीला आरास कोण करायचं? एवढं सांगितलंत तर सहा ओळींचं कार्ड भरून वर उरेल. कार्ड लिहून झाल्यावर त्या तुम्हाला वाचून दाखवतील, चुकलं असेल तिथे त्यांच्यासमोर लाल पेन्सिलीने खूण करा. भीड बाळगू नका, त्यांनाही खरं लिहायचं आहे.

कागद मात्र डब्यात जाणार नाहीत, पेटीतच राहू द्या. त्यांना चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत दाबूनही ठेवू नका, दमट धरतं. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. एका कागदाचा फोटो मुली घेतील आणि त्यातली एकच ओळ डब्यात ठेवतील. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जात, हे मी त्यांना शिकवलं आहे. त्या ओळीतली दोन अक्षरं जरी ओळखता आली तरी तो मुक्काम पुरा झाला असं धरू.

घराचा पत्ता इथे छापत नाही, मासिकाकडून फोन येईल. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला सात मुली आणि मी येतो. चहाचा खटाटोप करू नका, पाणी चालेल. डबा आम्ही आणू. ओट्यावरचा डावीकडचा कोनाडा, तुम्ही लिहिलंय त्यात जुनी समई आहे, तो तेवढा मोकळा करून ठेवा. समई आत नेऊ नका मात्र, कोनाड्याच्या खालीच राहू द्या. आकडे नीट घातले आणि टिंब स्थिर झालं की शोधणाऱ्या टोळीला शेवटची खूण म्हणून तीच लिहून द्यायची आहे.